रोटाव्हेटर ट्रॅक्टरला पेलणारा हवा

रोटाव्हेटर घेताना पुष्कळजण इंजिनची अश्वशक्ती पाहतात. पी.टी.ओ.ला त्याहून कमी अश्वशक्ती मिळते आणि रोटाव्हेटर चालतो तिच्यावरच. १८ ते २० अश्वशक्तीच्या लहान ट्रॅक्टरला साधारण ३ फुटी यंत्र पुरे. शेजाऱ्याचे ५ फुटी मागून आणले, तर भारी काळ्या जमिनीत इंजिन दबते, काळा धूर येतो, पी.टी.ओ.चे मिनिटाला ५४० फेरे टिकत नाहीत, ढेकळे तशीच राहतात. दोष मात्र पात्यांना! शिवाय यंत्र उचलताना पुढची चाके हलकी होतात. बांधावर हे धोक्याचे. योग्य मापाचे यंत्रही दबू लागले, तर खालचा गिअर घ्या, खोली कमी करा. खरेदीपूर्वी मागच्या चाकांची बाहेरची रुंदी मोजा. यंत्र त्याहून अरुंद असल्यास चाकाखाली दबलेली माती तशीच राहते.