न रडणारे मूल

राग, भीती किंवा हिरमोड उफाळून आल्यावर तो सोसून पुन्हा सावरण्याच्या क्षमतेला मानसशास्त्रात भावनांचे नियमन म्हणतात. एक ते तीन वर्षांच्या मुलाकडे ती पुरती नसते. आईने उचलून घेणे, पाठीवरून हात फिरवणे, ‘लागलं का रे बाळा’ असे विचारणे, यांतून ते आधी तिचा शांतपणा उसना घेते आणि मग हळूहळू तो स्वतःचा करते.

मूल आणि त्याला सांभाळणारी व्यक्ती यांच्यातील या नात्याचा सिद्धांत ब्रिटिश मनोविश्लेषक जॉन बोल्बी यांनी मांडला. या नात्याला मराठीत ‘अनुबंध’ म्हणता येईल. मेरी एन्सवर्थ यांनी १९५४-५५ मध्ये युगांडातील मायलेकरांचे निरीक्षण केले आणि पुढे अमेरिकेतील बाल्टिमोर येथे सुमारे २० मिनिटांची एक चाचणी बसवली, जिच्यात वर्ष-दीड वर्षाच्या मुलाला अनोळखी खोलीत ठेवून आई दोनदा बाहेर जाते आणि परत येते.

आई गेल्यावर मूल किती रडते यापेक्षा ती परतल्यावर ते काय करते, याला एन्सवर्थ यांनी अधिक महत्त्व दिले. सुरक्षित अनुबंध असलेले मूल तिला बिलगते, निवते आणि पुन्हा खेळाकडे वळते. काही मुले बिलगूनही शांत होत नाहीत. तर काही फारशी रडत नाहीत आणि आई आल्यावर तिच्याकडे पाहण्याचेही टाळतात. अशा मुलाचे घरोघरी ‘शहाणं बाळ’ म्हणून कौतुक होते. परंतु ॲलन स्रूफ आणि एव्हरेट वॉटर्स यांनी १९७७ मध्ये हृदयाच्या ठोक्यांच्या नोंदींवरून दाखवले की, वरवर खेळण्यात दंग दिसणाऱ्या या मुलांच्या आतही खळबळ चालू असते. हे नियमन नव्हे, ही दडपलेली भावना आहे, आणि हा फरक पालकांनी ओळखणे फार गरजेचे आहे.

स्वभावाचा वाटा येथे नाकारता येत नाही, पण १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात दीड वर्षाच्या बुजऱ्या मुलांना नवख्या, बिचकवणाऱ्या गोष्टी दाखवल्या असता, ज्यांचा आईशी अनुबंध असुरक्षित होता त्यांच्यातच कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाच्या वेळी शरीरात वाढणारे संप्रेरक, वाढलेले आढळले. सुरक्षित अनुबंधाची मुलेही बुजली, मात्र त्यांच्या शरीरावर तो भार पडला नाही.

यातून आईवर निर्दोषपणाचे ओझे टाकणे अन्यायाचे ठरेल, कारण एडवर्ड ट्रॉनिक यांच्या निरीक्षणांनुसार मायलेकरांचे सूर बराच वेळ जुळलेले नसतातच, आणि ते बिघडून पुन्हा जुळण्यातूनच मूल सावरायला शिकते. म्हणून पाळणाघरातून नेताना ‘आज अजिबात रडला नाही’ असे कानी आले, तरी पालकांनी मुलाला आधी जवळ घ्यावे.