तीनदा काढू नका

(युवा कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला 'समाजमाध्यमं आणि आपलं काम' असा विषय दिला आहे. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर असल्यामुळे तुमची समजूत झाली असेल की पोस्ट किती वाजता टाकावी, रील किती सेकंदांची असावी, असं काहीतरी मी सांगणार. तसलं मार्गदर्शन यूट्यूबवर भरपूर आहे, आणि ते देणाऱ्यांचे आवाजही माझ्यापेक्षा चांगले आहेत. मी आज एका फसता फसता वाचलेल्या प्रयोगाबद्दल बोलणार आहे. गेल्या वर्षी रमजान ईदच्या सुमारास आम्ही काही जणांनी फेसबुकवर विनोदी लेखनाची स्पर्धा घेतली. तिचे तीन नियम मी केले होते. तिन्ही बदलावे लागले. ते का बदलले, एवढंच सांगतो.

स्पर्धा का घ्यावीशी वाटली ते आधी सांगतो. आमच्या पानावर वर्षभर काय असायचं? निषेध, निवेदन, श्रद्धांजली. पुन्हा निषेध. सगळं आवश्यकच होतं. पण एकदा आमच्यातल्या एकानं सहज लिहिलं की, ईदच्या दिवशी अकरा घरी शीरखुर्मा प्यायल्यावर बाराव्या घरी तो "आज माझा रोजा आहे" असं म्हणाला. ईदच्या दिवशी रोजा धरत नाहीत हे त्यालाही ठाऊक होतं आणि त्या घरच्या खालांनाही. खालांनी वाटी आणखी काठोकाठ भरली. चार ओळींच्या त्या पोस्टखाली जेवढे लोक बोलले, तेवढे आमच्या सहा महिन्यांच्या निवेदनांखाली बोलले नव्हते. कोल्हापूरच्या एक हिंदू शिक्षिका लिहीत होत्या की संक्रांतीच्या तिळगुळाबाबत त्यांचीही हीच गत होते. म्हटलं, हा दरवाजा उघडून पाहू.

विषय ठेवला 'आपलं घर, आपला मोहल्ला'. शब्द चारशे. भाषा मराठी, देवनागरीत लिहिलेली दखनी किंवा कोकणी, कोणतीही चालेल. ही भाषेची सवलत फार कामाची ठरली. आपल्यापैकी पुष्कळ जण निवेदन मराठीत लिहितात, पण आईशी भांडतात दखनीत. विनोद भांडणाच्या भाषेत येतो. गुलबर्ग्याकडच्या सुलेमान खतीब यांनी दखनीत सासू-सुनेवर लिहिलं आणि सगळ्या दख्खनला हसवलं, ते उगाच नाही.

आता पहिला नियम: ज्या लेखाला जास्त पसंती, तो पहिला. मला वाटलं, लोकशाही आहे, मोजायलाही सोपं. तिसऱ्या दिवशी एका लेखाला नऊशेच्या वर अंगठे. लेखकाचे मामा स्थानिक राजकारणात होते आणि त्यांचे कार्यकर्ते कामाला लागले होते. शिवाय लेख म्हणजे व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षं फिरणारा नवरा-बायकोचा एक चुटका, फक्त 'गण्या'च्या जागी 'सलीम'. व्हॉट्सॲपनं २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाचच ठिकाणी निरोप पुढे ढकलण्याची मर्यादा घातली, २०२० मध्ये फार फिरलेल्या निरोपांसाठी ती एकावर आणली. पण तो चुटका त्याआधीच सगळा महाराष्ट्र हिंडून आला होता.

मग आम्ही प्रवेशिका गूगल फॉर्मवर मागवायला लागलो. मी शीटमधला नावाचा रकाना लपवायचो, प्रत्येक लेखाला क्रमांक द्यायचो आणि तीन परीक्षकांना फक्त क्रमांक आणि मजकूर पाठवायचो. प्रत्येक लेखातली दोन-तीन वाक्यं आधी शोधून पाहायचो. चोरलेले लेख पहिल्या फेरीतच गळाले. यात अवघड काही नाही, एका संध्याकाळचं काम आहे. कुठलीही स्पर्धा घेणार असाल तर एवढं कराच.

दुसरा नियम होता: कोणाच्याही भावना दुखावू नयेत. वाचायला किती सभ्य वाटतो! पण त्या नियमाखाली काय आलं पाहा. जाड्या भाभीवर विनोद. बिहारहून आलेल्या कारागिराच्या बोलण्यावर विनोद. बागवान असे, पिंजारी तसे, तांबोळी अमुक, असे बिरादरीचे विनोद. लिहिणाऱ्यांना खरंच वाटत होतं की यात कोणाच्या भावना दुखावत नाहीत, कारण दुखावणारे लोक त्यांच्या यादीतच नव्हते. इस्लाममध्ये जात नाही असं भाषणात सांगणारे आपण, विनोदात मात्र एकमेकांची जात बरोबर ओळखतो.

याच वादात आमच्या एका सहकाऱ्यानं मजेशीर आठवण काढली. फेसबुकनं २०१६ मध्ये 'हाहा'चं चिन्ह आणलं. २०२१ मध्ये बांगलादेशातल्या एका लोकप्रिय मौलवींनी, कोणाची टर उडवण्यासाठी ते चिन्ह वापरणं हराम आहे, असं सांगितलं. जगभर बातम्या झाल्या आणि त्या बातम्यांखाली लोकांनी 'हाहा'च दाबलं. मीही दाबलं होतं. पण ते नेमकं काय म्हणाले होते ते नंतर वाचलं. लिहिणाऱ्यानंच गमतीनं लिहिलं असेल तर हसा. माणसाला खाली पाडण्यासाठी हसू नका. कुराणातल्या सूरह हुजुरातच्या अकराव्या आयतीचा आशयही असाच आहे: एका समूहानं दुसऱ्याची टर उडवू नये, तो कदाचित त्याच्याहून चांगला असेल. शिवाय 'शमाइल-ए-तिर्मिझी'त पैगंबरांच्या थट्टामस्करीवर स्वतंत्र प्रकरण आहे. मी स्वतः धार्मिक माणूस नाही. तरी हराम हा शब्द बाजूला ठेवला तर मौलवींशी माझा वाद उरत नाही, हे कबूल करायला हवं.

तेव्हा आम्ही नियम बदलला. नवा नियम असा: ज्याच्यावर विनोद आहे, त्यात लिहिणारा स्वतः असला पाहिजे. मोहल्ल्यावर लिहा, पण तुमचं घर त्याच गल्लीत हवं. सासूवर लिहा, पण सूनही हास्यास्पद दिसू द्या. एवढ्या एका वाक्यानं लेखांचा सूरच पालटला. मिरजेच्या एका तरुणानं पुण्यात भाड्यानं घर शोधण्यावर लिहिलं. फोनवर 'समीर' म्हटल्यावर खुश असलेला एजंट पूर्ण नाव ऐकताच "रेंज नाही" म्हणू लागतो. अखेर एक आजोबा घर दाखवतात आणि विचारतात, "मांसाहार करता का?" हा म्हणतो, "करायचो. आता स्वतःच्या हातचं खातो, त्यात मांस कोणतं आणि भाजी कोणती ते मलाही कळत नाही." घर मिळालं नाही. पण त्या लेखाखाली पुण्यातल्या दोन घरमालकांनी लाजून लिहिलं की आम्हीही असं विचारतो. निषेधाच्या पत्रकानं कोणी लाजल्याचं मला आठवत नाही.

आता तिसरा नियम. लेख निनावी नको, खरं नाव हवं. हा नियम मी अभिमानानं लिहिला होता. माझ्या मनात १८ एप्रिल १९६६ चा दिवस होता. हमीद दलवाईंनी सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला, तो दिवस. त्या स्त्रिया उघडपणे रस्त्यावर आल्या. मग आपण फेसबुकवर तोंड लपवायचं? अंतिम तारखेला आठवडा उरला असताना मी शीट पाहिली. बाईचं नाव एकही नव्हतं. आमच्या घरचे सगळे विनोद मुळात अम्मीचे. अब्बा ते बाहेर जाऊन स्वतःच्या नावावर सांगतात. आणि स्पर्धेत सगळे अब्बाच!

सोलापूरकडून एका वाचक बाईंचा निरोप आला: "भाई, लेख तयार आहे. नाव टाकणार असाल तर पाठवत नाही." मी त्यांना १९६६ ची गोष्ट ऐकवली. त्यांचं उत्तर आलं: "त्या सात जणी स्वतः ठरवून गेल्या होत्या. तुम्ही आमचं ठरवून टाकलंत."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग थोडं वाचलं. १९०६ मध्ये तिफ्लिस शहरात, म्हणजे आजच्या तिबिलिसीत, जलील ममदगुलुजादे यांनी 'मुल्ला नसरुद्दीन' नावाचं व्यंग्य साप्ताहिक काढलं. बालविवाह, बायकांची कोंडी, ढोंगी धर्मगुरू, राज्यकर्ते, सगळ्यांची त्यात खबर घेतली जाई. धमक्या आल्या, अंक बंद पडले, पुन्हा निघाले. आणि हे संपादक स्वतः कोणत्या नावानं लिहीत? मुल्ला नसरुद्दीन या नावानं! एवढ्या शूर माणसानं टोपणनाव घेतलं, तर सोलापूरच्या बाईंनी का घेऊ नये? रुकैया सखावत हुसेन यांनी आपल्या नावानं लिहिलं. १९०५ मध्ये 'सुलतानाज ड्रीम'मध्ये त्यांनी पुरुषांना पडद्यात बसवलं आणि राज्य बायकांच्या हाती दिलं. पण ज्यांच्या हकिकती त्यांनी पुढे 'अवरोधबासिनी'त सांगितल्या, त्या पडद्यात अडकलेल्या बायकांना नाव सांगायची सोय कुठे होती? नाव सांगणं ही हिंमत आहे. पण ती दुसऱ्याकडून अट म्हणून वसूल करता येत नाही. मी नियम काढला. शेवटच्या आठवड्यात लेख आले ते बहुतेक 'एक खाला', 'छोटी बहू', 'रोशनची अम्मी' अशा नावांनी.

पहिला क्रमांक सोलापूरच्या त्याच बाईंना मिळाला. परीक्षकांपुढे फक्त क्रमांक होता, हे पुन्हा सांगतो. लेख थोडक्यात असा. जेवताना नवरा वैतागून म्हणतो, "मीठ नाही, मीठ नाही, मीठ नाही!" तशी सासूबाई हातातला घास टाकून धावत येतात: "एक बैठक में तीन बार कुछ बी बोलू नक्को रे बाबा!" इथे आपण खदखदून हसतो. त्यानंतर लेखात कळतं की सासूबाईंच्या थोरल्या बहिणीला अशाच एका जेवणावरून, तीन शब्दांत, चार भांड्यांसह माहेरी पाठवलं होतं. तेव्हापासून त्या घरात कोणी कोणतीच गोष्ट तीनदा बोलत नाही. पोरं पाढेसुद्धा मध्ये थांबून म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०१७ चा, कायदा २०१९ चा. त्या घरातल्या ताटाशी बसलेली भीती त्याहून जुनी आहे.

निकाल लागला आणि दोन दिवसांत त्या लेखाचा स्क्रीनशॉट एका द्वेषी पानावर झळकला. बरोब्बर सासूबाईंच्या वाक्यापर्यंत कापलेला, वर आपल्या समाजाला शिव्या. बहिणीचा भाग गायब. तिकडे ते हसत होते, आणि इकडे आपल्याच मोहल्ल्यातली माणसं विचारत होती, "हे शत्रूच्या हातात कोलीत कोणी दिलं?"

मी घाबरलो. खोटं कशाला बोलू? विनोदाची किंमत काय असू शकते हे आपण पाहिलं आहे. १ जानेवारी २०२१ ला मुनव्वर फारूकीला इंदूरमध्ये अटक झाली आणि सर्वोच्च न्यायालयाचा अंतरिम जामीन मिळाला तो ५ फेब्रुवारीला. धर्मभावना दुखावण्याचं कलम १९२७ पासूनचं, पूर्वी २९५-अ, आता भारतीय न्याय संहितेत २९९. त्याला जाणूनबुजून, दुष्ट हेतूनं केलेलं कृत्य लागतं, हे मला वाचून माहीत होतं. पण रात्री अकरा वाजता कलमाचा धीर येत नाही. मी लेख काढून टाकला. घाईगर्दीत रात्री चालू यंत्रणेत बदल करायचा नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. तो मी विसरलो. आणि जिचा लेख, तिला विचारलंच नाही.

सकाळी त्यांचा निरोप आला: "त्यांनी माझं अर्धं तरी छापलं. तुम्ही पूर्ण पुसलंत."

मित्रहो, या भाषणातली मुख्य गोष्ट हीच आहे. टपून बसलेल्यांना आपण थांबवू शकत नाही. ते नेहमीच अर्धं कापून नेणार. पण त्यांच्या भीतीनं आपण आपल्याच माणसाचं पूर्ण पुसलं, तर कात्री त्यांची आणि हात आपला होतो. आपल्या घरातल्या अन्यायावर हसायचा पहिला हक्क त्या घरातल्या बाईचा आहे. बाहेरचा शिवी देईल म्हणून तिला गप्प बसवायचं, हे तर आजवर सगळे करत आलेच आहेत. त्यासाठी वेगळी चळवळ कशाला हवी?

मी माफी मागितली. मग त्यांनाच विचारलं, काय करू? त्या म्हणाल्या, पूर्ण लेख परत लावा, सगळ्यात वर. आम्ही लावला, आणि खाली लिहिलं की आधी काढला होता ती चूक आमची होती. कापलेला तुकडा जिथे दिसेल तिथे कार्यकर्त्यांनी वाद न घालता फक्त पूर्ण लेख ठेवला. बरेच जण अर्धा वाचून भांडायला आले आणि पूर्ण वाचून गप्प झाले. सगळे नाही. काही शिव्या अजून तिथेच आहेत.

पुढची स्पर्धा तुमच्यापैकी कोणीतरी घ्यावी, म्हणून नियम पुन्हा सांगतो. नाव लपवून परीक्षण करा. विनोदात लिहिणारा स्वतः हवा. नाव द्यायचं की नाही हे लिहिणारानं ठरवायचं. आणि लेख काढण्याआधी लिहिणाराला विचारायचं, रात्रीचे अकरा वाजले असले तरी.

बक्षीस पुस्तकांचं होतं. पार्सल घरी नको, मैत्रिणीच्या पत्त्यावर पाठवा, असं त्यांनी कळवलं. पोचल्यावर आणखी एक निरोप आला. तो वाचून थांबतो.

"पुस्तकं मिळाली. लेख एकदा काढलात, माफ केलं. तीनदा काढू नका."