मांजरालाही सोबत न्या



कुत्रा माणसाला जीव लावतो आणि मांजर घराला, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. या समजुतीचा फटका आज हैदराबादेतल्या मांजरांना बसतो आहे. काचीगुडा, सुलतान बाजार या भागांतली अंगणाची जुनी घरे पाडून तिथे अपार्टमेंट उभी राहिली. बिऱ्हाड कुकटपल्लीला किंवा मियापूरला हलते, तेव्हा कुत्रा गाडीत बसतो. मांजर मात्र पुष्कळदा मागेच राहते. ‘तिला माणसांचे काय, तिची जागा भली’, असे म्हणून आपण मनाची समजूत घालतो.

कुत्र्याचा लळा उघड दिसतो, हे खरेच. कळपाने राहणाऱ्या लांडग्याचा तो वंशज, आणि माणसाच्या सहवासात त्याला किमान पंधरा हजार वर्षे झाली. मांजर एकट्याने शिकार करणारे. धान्याच्या साठ्यांवर उंदीर आले, त्यांच्यामागे पश्चिम आशियात सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी तेही माणसाजवळ आले. म्हणून त्याची माया दिसते ती बारीक खुणांतून: शेपूट ताठ उभी करून सामोरे येणे, पायाला अंग घासणे, आपल्याकडे बघत सावकाश डोळे मिटणे.

अमेरिकेतल्या ओरेगॉन स्टेट विद्यापीठाने २०१९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. अनोळखी खोलीत मांजराचे पिल्लू आणि मालक दोन मिनिटे एकत्र राहिले. मग मालक दोन मिनिटे बाहेर गेला आणि परत आला. तो दिसताच सुमारे ६५ टक्के पिल्ले शांत झाली. त्याच्याशी लगट करून पुन्हा खोली हुंगू लागली. तान्ह्या मुलांमध्ये आईबाबत असाच विश्वास जवळपास तेवढ्याच प्रमाणात आढळतो. ती खोली मांजरांच्या ओळखीची नव्हती. धीर दिला तो माणसाने.

मांजराला जागेची सवय असते, हे नाकारण्याचे कारण नाही. मोकळे सोडले तर ते जुन्या घराकडे परत जाऊ पाहते. त्यावर उपाय सोपा आहे. नव्या घरी दोन-तीन आठवडे त्याला एकाच खोलीत ठेवा. जुनी चादर आणि जुनी ताटली तिथेच असू द्या, जेवणाच्या वेळा बदलू नका, खिडक्यांना जाळी लावा. नेणे अगदीच अशक्य असेल, तर निघण्याच्या पुष्कळ आधी ओळखीत चांगले घर शोधा. अमला अक्किनेनी यांनी १९९२ मध्ये सुरू केलेल्या ब्लू क्रॉस ऑफ हैदराबादसारख्या प्राणिसेवी संस्थांचा सल्ला घ्या.

दोघांत अधिक प्रेमळ कोण, हा वाद घरोघरी रंगू द्या. पण त्या वादाचा निकाल कोणाच्या बेघर होण्यात लागू नये. घर बदलायचे ठरले की ट्रक सांगण्याआधी मांजराची टोपली आणून ठेवा.