संगणक-व्यवसायातील पहिली भाषा
(हेदवी येथील विद्यार्थी-पालक मेळाव्यातील व्याख्यान)



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आपल्याशी बोलण्याची संधी दिल्याबद्दल विश्वस्त मंडळाचा मी ऋणी आहे. मुले दहावी-बारावी झाली की पालक हमखास विचारतात, "सॉफ्टवेअरमध्ये जायचे तर कोणती भाषा शिकवावी? जावा की पायथन?" प्रश्न लहान दिसतो, पण क्लासची फी, पुण्या-मुंबईतील खोलीचे भाडे आणि मुलांच्या उमेदीची दोन वर्षे या उत्तरावर लावली जातात. म्हणून त्याचा विचार शांतपणे व्हावयास हवा.

प्रथम थोडा इतिहास पाहू. १९६८ साली मुंबईत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस सुरू झाली. त्या काळी व्यापारी हिशेबाची प्रमुख भाषा होती 'कोबोल'. १९७२ च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी 'सी' घडविली. आपल्याकडे नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या 'लेट अस सी' या पुस्तकावरून असंख्य विद्यार्थ्यांनी ती गिरविली. पायथन १९९१ मध्ये, तर जावा आणि जावास्क्रिप्ट १९९५ मध्ये आल्या. एका माणसाच्या नोकरीच्या काळात बाजाराची मागणी अशी अनेकदा बदलते.

सन २००० जवळ आले तेव्हा याचा प्रत्यय आला. संगणकातील जागा वाचविण्यासाठी जुन्या प्रोग्रॅममध्ये वर्षाचे शेवटचे दोनच अंक लिहिलेले असत. त्यामुळे '००' म्हणजे १९०० की २००० हे यंत्राला उमगणार नव्हते. ही दुरुस्ती करण्यासाठी कोबोल जाणणाऱ्यांना एकाएकी मोठी मागणी आली आणि काम आटोपताच ती ओसरली. ज्याच्या गाठीला केवळ भाषेचे नियम असतात, त्याला अशा वेळी पुन्हा उमेदवारी करावी लागते. खाते कसे चालते, व्याज कसे चढते हे ज्याला उमगलेले असते, तो नवी भाषा काही महिन्यांत आत्मसात करतो.

तरीही आरंभ कोठून तरी करावाच लागतो. ज्याचे ध्येय अद्याप ठरलेले नाही, त्याने पायथन घ्यावी. तिची वाक्ये सुटसुटीत असतात, आणि माहितीचे विश्लेषण व कृत्रिम बुद्धिमत्ता या क्षेत्रांत तीच प्रामुख्याने वापरली जाते. संकेतस्थळे बनवावयाची असतील, तर एचटीएमएलची ओळख करून घेऊन जावास्क्रिप्टकडे वळावे. केलेले काम पडद्यावर लगेच दिसते व हुरूप येतो. बँका, विमा कंपन्या यांच्या मोठ्या यंत्रणांसाठी जावा उपयुक्त आहे. यंत्रे व उपकरणे यांच्याशी संबंध येणार असेल, तर सी. अँड्रॉइड मोबाईलसाठी गूगलने २०१९ पासून कोटलिनला अग्रक्रम दिला आहे. पदविका अथवा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी मात्र आपल्या महाविद्यालयात शिकवितात तीच भाषा आधी पक्की करावी. आता शेजारच्या वेळणेश्वरातच अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. भाषा कोणतीही घ्या, माहितीच्या साठ्याला प्रश्न विचारणारी 'एसक्यूएल' सोबत शिकाच.

निवड झाली की एक वर्ष ती बदलू नये. अट, आवर्तन, यादी, फंक्शन या कल्पना या सर्व भाषांत असतात. त्या एकदा पक्क्या झाल्या की दुसरी भाषा जड जात नाही. दर दोन महिन्यांनी नवा क्लास लावणाऱ्याची मात्र प्रत्येक भाषेत ओळखपाळखच होते.

आता अभ्यास कशाचा करावा? आपल्यापैकी अनेकांच्या घरी दुकान आहे. त्या दुकानाची उधारीची वही संगणकावर उतरवा. नाव, तारीख, माल आणि रक्कम एवढ्यावर सुरुवात होईल. मग खरे प्रश्न उभे राहतील. एकाच वाडीत एकाच नावाचे दोन ग्राहक असतील, तर ते वेगळे कसे ओळखावे? कोणी निम्मीच रक्कम दिली, तर ती कोणत्या बिलापोटी धरावी? नोंद चालू असताना वीज गेली तर? तीस दिवसांत ज्याने काहीच दिले नाही, त्याचे नाव आपोआप वर कसे यावे? हे प्रश्न सोडविणे म्हणजेच सॉफ्टवेअरचा व्यवसाय. दुकानात बसून खतावणी पाहिलेल्या मुला-मुलींना येथे शहरातील विद्यार्थ्यांपेक्षा अधिक कळते, हे त्यांनी विसरू नये.

आज कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने मागताक्षणी प्रोग्रॅम लिहून देतात. मग शिकावे कशाला, अशी शंका येईल. पण यंत्राने काढलेली बाकी चुकली आहे हे ओळखणार कोण? ज्याला हिशेब कळतो, तोच. ही पारख अभ्यासानेच येते.

पालकांना विनंती आहे की, मोठी फी भरण्यापूर्वी सहा महिने घरीच प्रयोग होऊ द्या. पायथन, सी, जावा यांची साधने विनामूल्य मिळतात. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचे पाठ मराठीतही आहेत. साधा, वापरलेला संगणकही आरंभाला पुरतो. मुलांचे मन रमले, तर पुढील खर्च सार्थकी लागेल. न रमले, तर पुंजी वाचेल आणि मुलांची वर्षेही वाचतील. ज्यांच्या घरी संगणक नाही, त्यांच्यासाठी संस्थेने सायंकाळी दोन तास एखादा संगणक खुला ठेवावा, ही विश्वस्तांना नम्र सूचना.

आणि घरी मुलांना "कोणती भाषा शिकतोस?" असे विचारण्याऐवजी "या महिन्यात काय तयार केलेस, दाखव पाहू," असे म्हणावे. त्यांनी दाखविलेले काम पाहिले, म्हणजे पुढचा खर्च करावा की नाही, हे आपले आपणांसच कळेल.