चुलीची राख, चिंचेचा कोळ



आजच्या वर्गात आधी भांडी घासायची, मग पाटी. हसू नका. पुढे बसलेल्या बाप्यांनीही कान द्यावा. घागर सगळ्या घराची असते, ती घासायला मात्र एकटी बाईच असते, हे काही बरे नाही.

इथे समोर राख आहे, चिंच आहे, लिंबू, मीठ, धुण्याचा सोडा आणि मूठभर रिठे आहेत. शिवाय एक बाटली आहे. तिला अजून कोणी हात लावू नका. तिच्याकडे मागाहून येऊ.

आधी राख. लाकडाच्या, गोवरीच्या राखेत खार असतो. चिमूटभर राख पाण्यात कालवून बोटांवर चोळा. बुळबुळीत लागते ना? हा खार तेलकटपणाला भेटला की त्याचा थोडा साबणच बनतो. म्हणून राखेने ओशट भांडे निघते. आपल्या आज्या काही उगीच राख राखून ठेवत नव्हत्या. राख चाळून घ्या, नाहीतर खड्याने ओरखडे पडतात. चुलीत प्लॅस्टिक किंवा रंग दिलेले लाकूड जाळले असेल, तर ती राख भांड्याला लावू नका. हात धुवायला साबणच बरा. साबण नसेलच तर अशी स्वच्छ राख चालेल. पण माती नको. मातीत जंतांची अंडी असतात.

राख आणि सोडा जर्मनच्या भांड्यांना लावू नका. जर्मन म्हणजे अ‍ॅल्युमिनियम. खार हा धातू खातो आणि भांडे काळे पडते. काळे पडलेच, तर भांड्यात पाणी भरा, पिळलेल्या लिंबाच्या साली टाका आणि दहा-पंधरा मिनिटे उकळा. मग ते पाणी फेकून द्या.

आता हा तांब्या बघा. पितळेचा आहे, पण काळवंडला आहे. चिंच भिजवून कोळ काढला आहे, त्यात मीठ घातले. चिंच नसेल तर आमसूल चालते, पिळलेले लिंबूही चालते. चोळतो, बघा. जिथे चिंच लागली तिथे पिवळे झाले. पितळेत तांबे असते. हवेने तांब्यावर काळा किंवा हिरवा थर चढतो, आणि आंबट वस्तू तो थर विरघळवून टाकते. एवढीच त्यातली जादू. पण नुसते चिंचेने घासून ठेवले तर संध्याकाळपर्यंत पुन्हा डाग पडतील. चांगले विसळा, लगेच कोरड्या फडक्याने पुसा.

जी चिंच बाहेरून भांडे लख्ख करते, तीच आत शिजवली तर काय होईल? तेच होईल. आंबट वस्तू तांबे सोडवून घेईल. आणि ते या वेळी मोरीत जाणार नाही, तुमच्या पोटात जाईल. ताक कळकले, आमटी कळकली असे आपण म्हणतो ते हेच. अशा ताकाने मळमळते, उलट्या होतात, पोटात कळा येतात. म्हणून तर आतून कल्हई करायची. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर. त्याला वाळूने किंवा काथ्याने खसाखसा घासले की तो निघून जातो. भांडे आतून पिवळे किंवा तांबूस दिसू लागले, तर त्यात आंबट ठेवू नका. कल्हईवाला हल्ली लवकर भेटत नाही. तोवर ताक स्टीलच्या नाहीतर चिनीमातीच्या भांड्यात ठेवा.

पाणी तापवायच्या भांड्यात पांढरा थर बसतो, तो विहिरीच्या क्षाराचा. लिंबाचे पाणी अर्धा तास त्यात ठेवा, मग घासा. लोकरीचे आणि रेशमी कपडे सोड्यात टाकू नका, सोडा त्यांचा धागा खातो. रिठे रात्री भिजत घाला, सकाळी उकळून कुस्करा, गाळून त्या फेसात कपडे धुवा. फेस डोळ्यांत जाऊ देऊ नका, फार झोंबतो.

कोणी सांगते, सोड्यावर लिंबू पिळा, फसफसले की मळ पळतो. फसफसते खरे. पण खार आणि आंबट एकमेकांना मारून टाकतात, आणि उरते ते जवळजवळ नुसते पाणी. लिंबू वेगळे वापरा, सोडा वेगळा.

आता ती बाटली. हे संडास साफ करायचे अ‍ॅसिड. आणि ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल पावडर तुम्हांला माहीत आहे. कित्येक घरांत फरशीला तीच वापरतात. ही दोन कधीही एकत्र करू नका. एकीने भागले नाही म्हणून वर दुसरे ओतू नका. टीसीएलमध्ये लिंबू किंवा व्हिनेगरही नको. त्यातून क्लोरीन नावाचा विषारी वायू निघतो. २२ एप्रिल १९१५ रोजी, पहिल्या महायुद्धात, बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मन सैन्याने हाच वायू शत्रूवर सोडला होता. तो हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो. म्हणून मोरीत उकिडवे बसून घासणाऱ्याच्या नाकात तो आधी शिरतो. डोळे चुरचुरले, ठसका लागला, की तसेच बाहेर मोकळ्या हवेत या. बादली उचलायला परत आत जाऊ नका. दम लागत असेल तर दवाखाना गाठा.

अ‍ॅसिड शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवू नका. लेकराला काय ठाऊक? ते तोंडाला लावते. तसे झालेच, तर उलटी करवू नका. जाताना घसा जाळला तसा येतानाही जाळेल. तोंड पाण्याने धुवा, १०८ वर फोन करा, बाटली बरोबर न्या. डोळ्यांत उडाले तर पंधरा-वीस मिनिटे डोळ्यांवर पाणी ओतत राहा, मग दवाखान्यात न्या.

आता पाट्या काढा. खाण्याचा सोडा पांढरा, धुण्याचाही पांढरा, टीसीएलही पांढरी. डोळ्यांनी ओळखू येत नाही. पण आता तुम्हांला लिहिता येते. तीन चिठ्ठ्या लिहायच्या : ‘खाण्याचा सोडा’, ‘धुण्याचा सोडा’, ‘विष’. धुण्यातला ‘ध’ नीट काढा, ‘घ’ होऊ देऊ नका. विषाचा ‘ष’ पोटफोड्या आहे, तो शहामृगातला ‘श’ नव्हे. लिहून झाले की मला दाखवा, आणि घरी गेल्यावर खळीने डब्यांना चिकटवा. बाटली उंच फळीवर ठेवा, चिठ्ठी पुढच्या बाजूला येऊ द्या.