वहीत आपलं नाव हवं
(अंकुशनगर येथील गटांच्या बैठकीतील भाषण)



गटातून कुणी पाचशे रुपये घेतले तरी आपण वहीत नाव लिहितो, सही नाहीतर अंगठा घेतो. मग ऊसतोडीची उचल घेताना आपलं नाव कुठं असतं?

नवरा-बायको मिळून एक कोयता. तो ऊस तोडतो, तुम्ही मोळ्या बांधता, डोक्यावर वाहून गाडी भरता. पहाटे उठून भाकरी थापता ते वेगळंच. पण उचल नवऱ्याच्या हातात, अंगठा नवऱ्याचा, हिशेब मुकादमाकडं. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. त्यातली तुमच्या कष्टाची किती, हे कोण सांगणार? कागदावर तुम्ही नाहीतच!

म्हणून दसऱ्यानंतर टोळी निघायच्या आधी एवढं करा.

एक, उचलीच्या कागदावर दोघांची नावं लिहायला लावा. त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

दोन, ग्रामसेवकाकडं ऊसतोड कामगाराच्या ओळखपत्रासाठी दोघांचीही नोंद करा. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार महामंडळाच्या योजनांसाठी ही नोंद लागते. ई-श्रम कार्डही स्वतःच्या नावानं काढा.

तीन, गटासारखीच एक छोटी वही सोबत न्या. रोजच्या खेपा, टन आणि खाडे लिहा. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकराकडून लिहून घ्या.

आता दोन कायदे लक्षात ठेवा. उचल फिटली नाही म्हणून कुणी डांबून ठेवलं, तर तो गुन्हा आहे. वेठबिगारी १९७६ च्या कायद्यानं बंद झाली. तहसीलदाराकडं तक्रार करा. फडात कुणी अंगाला हात लावला, घाणेरडं बोललं, तर २०१३ चा कायदा शेतमजूर बाईलाही लागू आहे. प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असते. तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्या. तातडीची मदत हवी असेल तर १८१ किंवा ११२ लावा.

ज्या तोडीला जात नाहीत, त्यांनाही सांगते. आपलं गाव साखर कारखान्याचं. हंगामात परगावच्या बाया इथं कोप्या करून राहतात. गटातल्या दोघी-दोघींनी तिथं जा, हेच त्यांना सांगा. ताई, तुझं नाव लिहिलंय का, एवढं विचारलं तरी सुरुवात होईल.

पुढच्या बैठकीत प्रत्येक गटानं तोडीला जाणाऱ्या बायांची यादी आणावी. ग्रामसेवकाकडं आपण सगळ्या मिळून जाऊ. एकटीला उद्या या म्हणतात, पन्नास जणींना म्हणणं अवघड जातं.