पित्त, जठर आणि दुर्बीण

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला बोलायला सांगितलं आणि विषय माझ्यावर सोपवला. विषय शोधायला फार लांब जावं लागलं नाही. गेल्या वर्षभरात तुमच्यापैकी अनेकांनी मला आपापले रिपोर्ट फोनवर पाठवले. त्यांतले बरेचसे एकाच प्रकारचे होते. वर 'एंडोस्कोपी', खाली 'क्रॉनिक गॅस्ट्रायटिस', आणि त्याच्या खाली तुमचा एकच प्रश्न : "अरे, हे कॅन्सरचं तर नाही ना?" प्रत्येकाला वेगवेगळं उत्तर देण्यापेक्षा आज सगळ्यांना एकदम देतो.

आधी एक घोळ मिटवू. आपल्याकडे छातीत जळजळलं की 'पित्त झालं', पोट फुगलं की 'पित्त', डोकं दुखलं तरी 'पित्त'. गॅस्ट्रायटिस म्हणजे मात्र जठराच्या आतल्या अस्तराला आलेली सूज, दाह. जळजळ असूनही अस्तर अगदी निरोगी असू शकतं, आणि वर्षानुवर्षं दाह असूनही माणसाला काहीच जाणवत नाही, असंही होतं. म्हणून नुसत्या त्रासावरून आतलं कळत नाही. ते आत डोकावूनच पाहावं लागतं.

आपण १९८१ साली दहावी झालो. तेव्हा अल्सरचं खापर तिखट, काळजी आणि आम्लावर फुटायचं. पुढच्याच वर्षी, १९८२ साली, ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल हे दोन डॉक्टर जठरातल्या एका जिवाणूची वाढ करायचा प्रयत्न करत होते. ती काही होईना. ईस्टरच्या सुटीमुळे बशा नेहमीपेक्षा जास्त दिवस उबवणीत राहिल्या आणि जिवाणू वाढलेला दिसला. तोच हेलिकोबॅक्टर पायलोरी. लोकांचा विश्वास बसेना, म्हणून १९८४ साली मार्शलनी आधी स्वतःची एंडोस्कोपी करून घेतली, जठर ठीक असल्याची खात्री केली आणि मग जिवाणूंचं पाणी चक्क पिऊन टाकलं. थोड्याच दिवसांत पुन्हा दुर्बीण घातली तर जठराला दाह! २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. आपल्या विज्ञानाच्या सरांनी प्रयोगशाळेत 'काहीही तोंडात घालायचं नाही' असा नियम केला होता, तो मार्शलना कुणी सांगितला नसावा.

हा जिवाणू बहुधा लहानपणीच पोटात शिरतो आणि औषध दिलं नाही तर तिथेच मुक्काम ठोकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९४ साली त्याला कर्करोगकारक ठरवलं. पण घाबरू नका, वाट लांबची आहे. पेलायो कोरिआ या शास्त्रज्ञाने तिच्या पायऱ्या मांडल्या. आधी साधा दाह. मग अस्तरातल्या ग्रंथी झिजून ते पातळ होतं, याला अॅट्रॉफी म्हणतात. त्यानंतर जठराच्या अस्तरात आतड्यासारख्या पेशी दिसू लागतात, म्हणजे इंटेस्टिनल मेटाप्लेझिया. मग पेशींची घडण बिघडते, डिस्प्लेझिया. आणि शेवटी कर्करोग. यात बहुधा काही दशकं जातात आणि बहुतेक लोक मधल्याच कुठल्यातरी पायरीवर राहतात. शेवटपर्यंत फार थोडे पोचतात.

तेव्हा प्रश्न असा, की आपण कुठल्या पायरीवर आहोत? दुर्बिणीची खरी कामगिरी इथे आहे. गाठ झाली का, एवढंच ती पाहत नाही. पुढे होण्याची शक्यता किती, याचाही अंदाज ती देते.

निरोगी जठरात वरच्या भागात बारीक लाल ठिपके ओळीने मांडल्यासारखे दिसतात. त्या सूक्ष्म शिरा असतात. त्या नीट दिसल्या की जिवाणू नसण्याची शक्यता खूप. संसर्ग असला की हे ठिपके हरवतात, सगळीकडे लाली पसरते, घड्या जाड होतात, कधी कोंबडीच्या सोललेल्या कातडीसारखा दाणेदारपणा येतो. अॅट्रॉफी असली की अस्तर फिकट पडतं आणि त्याखालच्या रक्तवाहिन्या दिसू लागतात. ही झीज जठराच्या खालच्या टोकाकडून वर चढते. ती कुठवर चढली, त्या सीमारेषेवरून जपानच्या किमुरा आणि ताकेमोतो यांनी १९६९ साली सहा टप्पे ठरवले : तीन 'बंद' आणि तीन 'खुले'. खुल्या टप्प्यात झीज जठराच्या तोंडापर्यंत जाऊन पलीकडे उतरलेली असते, आणि धोका जास्त असतो.

पुढे जपानी डॉक्टरांनीच क्योटो वर्गीकरण आणलं. अॅट्रॉफी, मेटाप्लेझिया आणि पसरलेली लाली यांना प्रत्येकी शून्य ते दोन गुण; जाड घड्या आणि दाणेदारपणा यांना शून्य किंवा एक. एकूण आठ. आयुष्यभर आपण जास्त गुणांसाठी धडपडलो, इथे मात्र शून्य मिळालेला पहिला!

डोळ्यांना दिसलं ते तुकडा तपासून पक्कं करतात. नियमाप्रमाणे पाच तुकडे घ्यायचे : खालच्या भागातून दोन, वळणावरून एक, वरच्या भागातून दोन. वरचे आणि खालचे तुकडे वेगवेगळ्या बाटल्यांत हवेत, नाहीतर झीज कुठे आणि किती पसरली ते कळणार कसं? 'तुकडा काढला की कॅन्सर पसरतो' हे मी दर आठवड्याला ऐकतो. तसं होत नाही. तुकडा तांदळाच्या दाण्याहूनही लहान असतो आणि तो काढताना दुखतही नाही.

या पाहण्याला अर्थ आहे, हे जपानमधल्या एका अभ्यासात स्पष्ट दिसलं. तो २००१ साली प्रसिद्ध झाला. १५२६ रुग्णांवर सरासरी ७.८ वर्षं दुर्बिणीने लक्ष ठेवलं. जिवाणू असलेल्या १२४६ जणांपैकी ३६ जणांना जठराचा कर्करोग झाला. जिवाणू नसलेल्या २८० जणांत एकालाही नाही. ज्यांच्या जठरात झीज जास्त किंवा मेटाप्लेझिया होता, त्यांना धोका अधिक होता.

आता तुमचे रिपोर्ट. नुसतं 'सौम्य गॅस्ट्रायटिस' लिहिलं असेल तर निवांत झोपा. जिवाणू सापडला असेल तर डॉक्टरांनी दिलेला औषधांचा कोर्स, बहुधा चौदा दिवसांचा, एकही गोळी न चुकवता पुरा करा आणि जिवाणू गेला की नाही ते नंतर तपासून घ्या. ती तपासणी कोर्स संपल्यावर चार आठवड्यांनी, आणि आम्लाच्या गोळ्या दोन आठवडे बंद ठेवून करायची असते. नाहीतर जिवाणू लपतो आणि रिपोर्ट खोटा चांगला येतो. झीज किंवा मेटाप्लेझिया जठरभर पसरला असेल, तर जिवाणू गेल्यावरही साधारण तीन वर्षांनी पुन्हा दुर्बीण लागते. धोका कमी होतो, पण शून्य होत नाही.

मग सगळ्यांनीच एंडोस्कोपी करायची का? नाही. जपान आणि कोरियात हा कर्करोग इतका आहे, की तिथे ठरावीक वयानंतर दर दोन वर्षांनी तपासणीची सोय आहे. आपल्याकडे जिवाणू घरोघरी असूनही महाराष्ट्रात हा कर्करोग त्या मानाने कमी आहे. मिझोराममध्ये मात्र बराच जास्त. म्हणून आपल्याकडे माणूस पाहून ठरवायचं. आईवडील किंवा भावंडांपैकी कुणाला जठराचा कर्करोग झालेला, जुनी अॅट्रॉफी, बी-१२ सतत कमी, आपल्या वयात नव्याने सुरू झालेलं अपचन, या लोकांनी डॉक्टरांशी बोलावं. आणि वजन आपोआप उतरणं, काळी शौच, रक्ताची उलटी, घास अडकणं, कारण न सापडणारा रक्तक्षय, थोडं खाल्लं तरी पोट भरणं, यांपैकी काही असेल तर वाट पाहू नये.

हे मी इतक्या आग्रहाने सांगतो, त्याला कारण आहे. आज आपल्यात एक बाक रिकामा आहे. त्याच्या पत्नीने परवानगी दिली म्हणून बोलतो. तो वर्षभर दुकानातून पित्ताच्या गोळ्या घेत होता. गोळ्यांनी जळजळ थांबायची. वजन उतरत होतं आणि मागच्या मेळाव्याच्या फोटोखाली आपण सगळ्यांनी लिहिलं होतं, "वा, काय बारीक झालास!" दुर्बीण घातली तेव्हा फार उशीर झाला होता. हाच कर्करोग वरच्या थरात असताना सापडला, तर रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असण्याचं प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर आहे, आणि काही वेळा तो पोट न फाडता दुर्बिणीतूनच काढता येतो. गोळी जळजळ शमवते; आत काय चाललंय ते सांगत नाही.

शेवटी गुरुजनांसाठी. सर, बाई, गुडघ्यांसाठी वेदनाशामक गोळ्या घेत असाल तर त्यांनीही जठराला जखमा होतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालू ठेवू नका. दुर्बीण करायची वेळ आली तर रक्त पातळ करायच्या गोळीबद्दल आधी सांगा, पण आपल्या मनाने ती बंद करू नका. नळी करंगळीएवढी असते, घसा औषधाने बधिर करतात, काम काही मिनिटांत होतं. आणि तपासणाऱ्याला घाई करू देऊ नका. नीट पाहायला निदान सात मिनिटं तरी हवीत.

ज्यांनी रिपोर्ट आणले आहेत त्यांनी जेवणानंतर मला गाठावं. आधी नको, कारण मसालेभाताचा वास इथपर्यंत आलाय. आणि हो, मसालेभाताने कॅन्सर होत नाही. पोटभर जेवा.